एकट्या प्रवासात संध्याकाळी काय करता?

निळी_छत्री

नमस्कार. वय ४६. मुलगा शिकायला बाहेर गेलाय. नवऱ्याला डोंगर, समुद्र कशातच रस नाही आणि तो ते मोकळेपणानं सांगतो. येत्या सुट्टीत मी एकटीनं काही दिवस कुठेतरी जाऊन यायचं ठरवलंय. जागा नक्की झालीय, तिकिटं काढायची राहिलीत.

सुरक्षिततेच्या याद्या भरपूर वाचल्या. कागदपत्रांच्या प्रती, पैसे दोन जागी, दिवसाउजेडी पोचणं, सगळं पटतं. दिवसाचं मला काही वाटतही नाही. बँक, दवाखाना, सरकारी कचेऱ्या, सगळं मी एकटीच करत आलेय. माझा प्रश्न संध्याकाळचा आहे. अंधार पडला की पुढे काय? खोलीत जाऊन बसायचं? जेवायला एकटीनं जायचं तर बसायचं कुठे, बघायचं कुठे? आणि रात्री दाराकडे बघत झोप लागते का? यावर कुणी नीट लिहिलेलं सापडत नाही. "काही होत नाही गं" असं नको. ज्या जाऊन आल्यात त्यांनी प्रत्यक्षात काय करता ते सांगा.

भिंगरी

पहिली संध्याकाळ जड जाते, हे धरूनच चाल. मी त्या संध्याकाळसाठी आधीच कशाचं तरी तिकीट काढून ठेवते. नाटक, गाण्याची मैफल, काहीही. भाषा कळली नाही तरी चालतं. तिथे सगळ्यांच्या नजरा रंगमंचाकडे असतात, एकट्या बाईकडे कुणाचं लक्ष नसतं. फक्त परतीची गाडी शेवटच्या क्षणी शोधायची नाही, आत जातानाच विचारून ठेवायची.

पायवाट

छत्री, प्रश्न अगदी माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं काम हॉस्पिटलांमधली स्कॅनिंगची मशिनं बसवायचं आणि बिघडली की दुरुस्त करायचं. फोन आला की मिळेल त्या गाडीनं निघायचं. वर्षानुवर्षं रात्री-अपरात्री अनोळखी गावांत उतरले, स्टँडसमोरच्या लॉजमध्ये राहिले. घरात कुणी कधी "एकटी?" असं विचारलं नाही, उलट सासूबाई चारचौघांत कौतुकानं सांगायच्या. मग एकदा काम नसताना, नुसता समुद्र बघायला जाते म्हटलं, तर घर गप्प झालं. गाडी तशीच, लॉज तसंच, बाई तीच. या वेळी जायला माझ्या इच्छेशिवाय दुसरं कारण नव्हतं, एवढाच काय तो फरक.

हे सांगायचं कारण असं की संध्याकाळचं कोडं मला तिथेच सुटलं. कामाच्या दौऱ्यात संध्याकाळ जाणवतच नाही, कारण रिपोर्ट लिहायचा असतो. जेवताना लोक तेव्हाही बघत असतील, पण माझ्यासमोर वही उघडी असायची आणि डोक्यात एरर कोड, त्यामुळे पत्ताच लागायचा नाही. स्वतःसाठी गेलं की ती वही नसते. मग खोलीत पाय ठेवल्यावर एकदम वाटतं, मी इथे कशाला आले? या वाटण्याला आपण सरसकट भीती म्हणतो. त्यात भीती असते हे खरं, पण रिकामपणही तेवढंच असतं, आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत. रिकामपणावर कुलपं लावून उपयोग नाही आणि भीतीवर मैफलीचं तिकीट पुरत नाही.

रिकामपणाचं आधी. मी आता स्वतःच्या प्रवासातही वही नेते आणि संध्याकाळी तासभर दिवसाचा रिपोर्ट लिहिते. काय पाहिलं, कुणाशी काय बोलले, उद्या काय. रोज एकाच जागी बसून. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेलं की तिथली माणसं ओळखीचं हसतात, तिसऱ्या दिवशी आपणहून जागा करून देतात. परक्या गावात तुला ओळखणारा एक जरी माणूस असला, तरी संध्याकाळ खूप हलकी होते. म्हणून मी रोज नवी जागा शोधत नाही. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं, मला वाटत नाही.

जेवण: पोटभर जेवण दुपारी, गर्दीच्या वेळी. रात्री हलकं आणि लवकर. बसायचं ते भिंतीला पाठ करून, गल्ला दिसेल असं. दाराजवळच्या टेबलावर मी बसत नाही, येणारा-जाणारा प्रत्येक जण वाकून बघतो.

आता भीतीचं. बंदराच्या एका गावी मी धक्क्यावर वही घेऊन बसले होते. एक गृहस्थ येऊन शेजारच्या कठड्यावर टेकले. कपडे नीटनेटके, बोलणं मऊ. पहिला प्रश्न, कुठून आलात. सांगितलं. दुसरा, एकट्याच का. मी म्हटलं, काम चाललंय माझं. तिसरा, उतरलात कुठे? पहिले दोन प्रश्न कुणीही विचारतं, त्यात वावगं काही नाही. तिसऱ्याची अनोळखी माणसाला गरज नसते. मी वही मिटली, "बरंय, येते" म्हटलं आणि उठले. ते "अहो, सहज विचारलं" म्हणाले. विचारलंही असेल सहज. त्याची शहानिशा करायला मी थांबले नाही. लॉजकडेही वळले नाही, आधी गर्दीच्या बाजारातून एक फेरी मारली आणि मग गेले.

कामाच्या ठिकाणी मशीनचा आवाज बदलला की मी आधी बंद करते, कारण नंतर शोधते. हॉस्पिटलातलं कुणी मला "उगाच बंद केलंत" म्हणत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण आधी कारण शोधत बसतो. त्याला काय वाटेल, आपला गैरसमज तर नाही ना. छत्री, माझं कळकळीचं सांगणं आहे, उठून जायला कारण सिद्ध करावं लागत नाही.

खोलीबद्दल रात्री लिहिते, आत्ता निघायचंय.

चांदणभूल

पायवाट, "काम नसताना" हे वाचून इडा फायफर आठवली. व्हिएन्नाची बाई, जन्म १७९७. मुलं मोठी होईपर्यंत थांबली आणि १८४२ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, एकटी निघाली. घरच्यांना सांगितलं की कॉन्स्टँटिनोपलला मैत्रिणीकडे जातेय. खरं जायचं होतं जेरुसलेमला, आणि ती गेलीच. पुढे तिनं पृथ्वीला दोन फेऱ्या घातल्या, १८४६ ते १८४८ आणि १८५१ ते १८५५. बर्लिन आणि पॅरिसच्या भूगोल संस्थांनी तिला मानद सदस्य करून घेतलं. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत मात्र तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता. तिथे पहिल्या काही बायका आल्या १८९२ मध्ये, आणि दार कायमचं उघडलं १९१३ मध्ये.

मला त्या जगप्रदक्षिणांपेक्षा ती मैत्रिणीची थाप जास्त हलवून जाते. एवढी हिंमत असलेल्या बाईलाही निघण्यापुरतं कारण लागलंच. छत्री, तुला थाप मारावी लागत नाहीये, नवऱ्याला सरळ सांगून निघते आहेस, हे मला फार मोठं वाटतं.

रातराणी

मी डॉक्टर आहे. एकच मुद्दा मांडते, कारण तो याद्यांमध्ये नसतो. एकट्या प्रवासात बायका पाणी कमी पितात. स्वच्छतागृह कुठे मिळेल, सामान कुणाकडे ठेवू, या काळजीनं तासन्‌तास लघवी दाबून धरतात. मग जळजळ, वारंवार लघवीला जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. प्रवासाहून आलेल्या बायकांत लघवीचा संसर्ग मी नेहमी बघते. पाणी तोडू नका, उलट थांबे आधी बघून ठेवा. पाठीवर मावेल एवढीच पिशवी असेल तर ती आत नेता येते आणि निम्मा प्रश्न सुटतो. जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखायला लागलं, तर घरी पोचेपर्यंत थांबायचं नाही, तिथल्याच डॉक्टरकडे त्याच दिवशी जायचं.

भिंगरी

पिशवीवरून आठवलं. नेली ब्लाय या अमेरिकन पत्रकार बाईला तिच्या वृत्तपत्राच्या माणसानं ऐकवलं होतं की बाईला सोबत संरक्षक लागेल आणि ढीगभर ट्रंका लागतील. १४ नोव्हेंबर १८८९ ला ती एक छोटी हातपिशवी घेऊन न्यूयॉर्कहून निघाली आणि ७२ दिवसांत जगाला फेरी घालून परतली. मी निघण्याआधी भरलेली बॅग घेऊन घराचे दोन जिने चढते-उतरते. धाप लागली तर काहीतरी काढते.

पायवाट, एका गोष्टीत माझं तुझ्याहून वेगळं आहे. मी सरळ "नवरा खोलीवर आहे" असं सांगून टाकते. लग्न झालेलं नाही तरी बोटात साधी अंगठी घालते. वाद न होता विषय मिटतो.

पायवाट

भिंगरी, ज्यानं तू सुखरूप राहतेस ते बरोबरच. मी ते करत नाही याचं कारण एवढंच की त्यावर पुढचे प्रश्न येतात. कुठे गेलेत, कधी येणार, काय करतात. बोलणं वाढतं आणि मला ते संपवायचं असतं. पण कुणी मागेच लागलं असेल तर मीही बेधडक खोटं सांगेन.

आता खोली.

शिरल्या शिरल्या दार आतून लावून बघायचं. कडी नीट बसते का, खिडक्या लागतात का. नसेल तर सामान उघडायच्या आधीच खोली बदलून मागायची. एकदा कपडे बाहेर काढून ठेवले की आपणच "जाऊ दे" म्हणतो. दाराखाली सारायची रबरी पाचर मी नेते, पण ती दार आतल्या बाजूला उघडत असेल तरच कामाची. बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या दाराला पाचर काहीच करत नाही. तिथे मी मुठीला पट्टा बांधून तो पलंगाच्या पायाला आवळते. काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्यानं पुकारला, तर दुसरी खोली मागायला लाजत नाही.

एकदा रात्री साडेदहाला टकटक झाली. "मॅडम, नळाचं बघायचंय." मी दार न उघडता काउंटरला फोन केला. त्यांनी सांगितलं, हो, आम्हीच पाठवलाय. माणूस खरा होता, नळही खरंच गळत होता. तरीही मी आतूनच म्हटलं, सकाळी या. तो "बरं" म्हणून गेला. त्या रात्री मला छान झोप लागली, कारण दार उघडायचं की नाही हे मी ठरवलं होतं.

झोपेचं खरं सांगायचं तर पहिल्या रात्री माझी झोप अजूनही सावध असते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच ठरवत नाही.

जुना_वाटसरू

मी बाप म्हणून विचारतो. मुलगी एकटी जायचं म्हणतेय. अडवायचं नाही हे मनाशी ठरवलंय, पण काळजीचं काय करू? लाइव्ह लोकेशन चालू ठेव म्हटलं तर चिडते.

पायवाट

काका, तिचं चिडणं समजून घ्या. ठिपका बघत बसलं की काळजी कमी होत नाही, वाढते. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं, मग आपोआप बंद होतं. बॅटरी संपली तरी बंद. इकडे तुमचा जीव टांगणीला आणि तिकडे पोर गाढ झोपलेली.

आमच्या घरात दोन वेळा ठरलेल्या आहेत. सकाळी निघताना एक मेसेज, रात्री दार लावल्यावर एक. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत मेसेज नाही आला तर घरच्यांनी आधी मला फोन करायचा, मग लॉजला, मग तिथल्या पोलिसांना. तिन्ही नंबर फ्रिजवर लावलेले असतात. आपत्कालीन नंबर देशाप्रमाणे बदलतो. भारतात आणि युरोपीय संघाच्या सगळ्या देशांत ११२, अमेरिकेत ९११. मुलगी जाणार तिथला आधीच बघून लिहून ठेवा. आणि मधल्या वेळात तिला फोन करू नका. कठीण आहे, माझ्या आईला अजून जमत नाही. पण दिवसभर "पोचलीस का, जेवलीस का" चालू राहिलं, तर ती आजूबाजूला बघायचं सोडून फोनमध्ये बघत चालेल. नवख्या रस्त्यावर ते जास्त वाईट.

जुना_वाटसरू

फ्रिजवर कागद लावतो. तिलाच लिहायला सांगतो.

निळी_छत्री

सगळं दोनदा वाचलं. पायवाट, तुमचं रिकामपण आणि भीती वेगळं करणं मला फार उपयोगी पडलं. नीट बघितलं तर मला दाराची भीती कमी आहे. इतकी वर्षं संध्याकाळ म्हणजे कुणीतरी घरी येणार आणि मी काहीतरी करून ठेवणार. ते नसताना साडेसहा ते दहा मी कोण असते, तेच मला माहीत नाही. हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग तिकिटाची साइट उघडून दिली.

आता एक शेवटचा प्रश्न. जाताना रात्रीची बस आहे, सकाळी साडेसातला पोचते. दिवसाची घेतली तर रात्री नऊला पोचते. कुठली घेऊ?

पायवाट

रात्रीची घे, उजेडात पोचशील. मात्र ती बस वेळेआधी पोचते का ते नक्की विचार. रस्ता रिकामा असला की काही गाड्या पहाटे पाचलाच आणून सोडतात. तसं असेल तर उतरल्यावर लगेच बाहेर पडू नकोस, स्टँडच्या आत, चौकशीच्या खिडकीजवळ उजाडेपर्यंत बसून राहा. सीट पुढची, ड्रायव्हरच्या मागच्या दोन रांगांतली, शेजारी बाई मिळत असेल तर ती. लॉजला फोन करून सकाळी आठला खोली मिळेल का, निदान बॅग ठेवता येईल का, ते आजच विचारून घे.