डिशवॉशर : ग्लास धुरकट आणि आत कुबट वास, मदत हवी आहे

भांडी नीट निघतात, तक्रार काचेच्या ग्लासांची आहे. ओले असताना लख्ख, वाळले की धुरकट. शिवाय दार उघडलं की कुबट वास. तळाची जाळी दर आठवड्याला ब्रशने घासते, रिन्स एड (भांडी डाग न पडता वाळावीत म्हणून घालायचं द्रव) भरलेलं आहे, मीठ संपल्याचा दिवाही लागत नाही. मशीन क्लीनर आणू की व्हिनेगर ओतू? जो तो वेगळंच सांगतो. आणि जाळी साफ असताना वास येतो तरी कुठून?

प्रतिसाद
क्लीनरचं नंतर बघू. आधी तो थर कसला आहे ते पाहा. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस ग्लासावर थोडा वेळ ठेवून पुसा. डाग गेला तर क्षार. नाही गेला तर काचच झिजली आहे, ती पुन्हा चमकत नाही. मऊ पाण्यात डिटर्जंट जास्त पडलं आणि वॉशही कडक गरम असला की असं होतं. थर जिभेला खारट लागला तर मिठाच्या टाकीचं झाकण सैल आहे.

दिवा लागत नाही म्हणजे टाकीत मीठ आहे, एवढंच. पाणी किती जड, म्हणजे क्षारयुक्त आहे आणि ते मशीनने किती मऊ करायचं याचं सेटिंग वेगळं असतं, ते कुणी बघत नाही!

वासासाठी दाराची खालची कड बघा. तिथे फवारा पोचत नाही, रबराच्या घडीत काळा चिकट राप बसतो. फवाऱ्याचे पंखे काढून भोकं टूथपिकने मोकळी करा. नेहमी कमी तापमानावर धूत असाल तर तेलकटपणा आत साठतो. अधूनमधून रिकामं मशीन 65-70 अंशांवर चालवा. व्हिनेगर सारखं ओतू नका, रबर खराब होतं. क्षारांना सायट्रिक अॅसिड बरं. आणि अॅसिडबरोबर ब्लीच अजिबात नको, क्लोरीन वायू तयार होतो.

धागाकर्ती
नवे ग्लास स्वच्छ झाले, जुने तसेच. म्हणजे दोन्ही आहे की! दाराखालची कड पुसली, फडकं टाकूनच द्यावं लागलं. सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आहे. किती वाढवू?

प्रतिसाद
अंदाजाने नको. जडपणा मोजायची कागदी पट्टी मिळते, ती नळाच्या पाण्यात बुडवा आणि येणारा रंग पट्टीसोबतच्या तक्त्याशी जुळवा, मग त्या जडपणाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. उगाच वर ठेवलंत तर मीठ फुकट जाईल. जुने ग्लास मात्र यापुढे हातानेच धुवा.