ऑइल वेळेवर बदलूनही फायनल ड्राइव्ह गेला. मधल्या काळात नेमके काय तपासायला हवे होते?

साखळीचाक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतो. आमच्याकडे 20 टन वर्गातील, एकाच बनावटीचे दोन क्रॉलर एक्स्कॅव्हेटर (चेनवर चालणारी खोदयंत्रे) आहेत. त्यांपैकी एकाचा उजवा फायनल ड्राइव्ह (चेन फिरवणारा गिअरबॉक्स) 5,800 तासांच्या सुमारास घरघरू लागला आणि आठवडाभरात त्या बाजूची चेन चढावर ओढेनाशी झाली. झाकण उघडले तेव्हा पहिल्या टप्प्यातील एका प्लॅनेट गिअरच्या (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या लहान गिअरच्या) बेअरिंगचा पिंजरा तुटलेला होता, सन गिअरच्या (त्या मधल्या गिअरच्या) दातांवर खड्डे पडले होते आणि तळाशी मूठभर चुरा साचला होता.

मला खटकते ते असे, की या मशीनचे गिअर ऑइल पुस्तिकेप्रमाणे दर 1,000 तासांनी न चुकता बदलले गेले आहे आणि त्याच्या नोंदी माझ्याकडे आहेत. ऑइल कधी कमी पडले नाही; उलट मागच्या बदलाच्या वेळी 4.5 लिटर मोजून भरलेल्या हबमधून (म्हणजे याच गिअरबॉक्समधून) जवळजवळ सहा लिटर निघाले, त्यामुळे गळतीचा संशय घेण्याचे कारणच नव्हते. डावी बाजू अजून शांत चालते आहे. उजवीकडे नवा जोड (नवा अख्खा गिअरबॉक्स) बसवण्यापूर्वी मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: आमच्या नजरेतून काय निसटले, आणि दुसऱ्या मशीनवर दोन ऑइल बदलांच्या मधल्या काळात कोणती तपासणी लावावी?

जुना फोरमन (उत्तर)

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच एका वाक्यात दडलेले आहे. साडेचार लिटर भरून सहा लिटर निघाले, तर वरचे दीड लिटर आले कुठून? गिअरबॉक्स स्वतः ऑइल तयार करत नाही. ट्रॅव्हल मोटरच्या (या गिअरबॉक्सला फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरच्या) शाफ्टचे सील गेले, की हायड्रॉलिक ऑइल हबमध्ये उतरते, आणि पातळी कमी झाली नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. माझ्या मते फायनल ड्राइव्हमध्ये वाढलेली पातळी ही घटलेल्या पातळीपेक्षा अधिक वाईट खूण आहे, कारण घटलेल्या पातळीचा डाग निदान स्प्रॉकेटवर (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकावर) दिसतो.

आता यातून नुकसान कसे होते ते पाहा. बहुतेक मशीनमध्ये हायड्रॉलिक ऑइल 46 ग्रेडचे असते. म्हणजे 40 अंश सेल्सिअसला त्याची श्यानता 46 सेंटीस्टोक. हबमध्ये 220 च्या आसपासचे जाड ऑइल असेल आणि त्यात हे पातळ ऑइल मिसळत गेले, तर दाताला दात भिडतो तिथला ऑइलचा पापुद्रा इतका विरळ होतो की धातू धातूवर घासू लागतो. प्लॅनेट गिअर सावकाश, पण मोठ्या भाराखाली फिरतात, त्यामुळे तिथे पापुद्रा टिकवण्याचे बरेचसे काम जाडपणालाच करावे लागते. शिवाय हब प्रमाणापेक्षा जास्त भरला, की गिअर ऑइल घुसळत राहतात, उष्णता वाढते आणि ऑइलचे वय झपाट्याने उतरते. तापमान 10 अंशांनी वाढले की ऑइलचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ ठोकताळा आहे.

सील का गेले, हा पुढचा प्रश्न, आणि तो सोडवल्याशिवाय नवा जोड बसवू नका. मोटरच्या केस ड्रेनच्या (मोटरच्या खोक्यात झिरपलेले ऑइल टाकीत परत नेणाऱ्या नळीच्या) वाटेवर फिल्टर असल्यास तो प्रथम काढून पाहा. हा फिल्टर लहान असतो, अडचणीच्या जागी असतो आणि इतर फिल्टरच्या यादीत अनेकदा विसरला जातो. तो तुंबला, की मोटरच्या खोक्यात दाब साचतो आणि शाफ्टचे सील हा त्यातला सर्वांत दुबळा दुवा असतो. मी स्वतः एकदा नवा कोरा गिअरबॉक्स जुन्याच ड्रेन फिल्टरवर बसवला होता. तीन आठवड्यांत पुन्हा तोच प्रकार झाला आणि त्या दिवशी मी हेल्परवर जे ओरडलो, ते खरे तर स्वतःवर ओरडायला हवे होते.

पातळी पाहण्याची पद्धतही तपासा. मशीन सपाट जागेवर हवे, ड्रेन प्लग बरोबर खाली येईल इतकी चेन फिरवलेली हवी आणि ऑइल लेव्हल प्लगच्या छिद्राच्या खालच्या काठाशी हवे. प्लग सैल करताच ऑइल दाबाने बाहेर आले, तर ती बाब नोंदवहीत लिहा. मात्र नुकत्याच चाललेल्या मशीनचा प्लग एकदम काढू नका. हब गरम असताना आत दाब असतोच, तेव्हा तोंड बाजूला ठेवून, सावकाश सैल करून तो आधी सोडावा.

तेलपरीक्षक (उत्तर)

वरील निदानाशी मी सहमत आहे. फक्त ते कागदावर कसे पकडता आले असते, तेवढे सांगतो. ऑइल बदलताना जुने ऑइल टाकून देण्यापूर्वी त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला असता, तर श्यानता उतरलेली दिसली असती आणि कदाचित जस्तही दिसले असते. अनेक हायड्रॉलिक ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्ताचे संयुग घातलेले असते, तर गंधक-फॉस्फरसवर आधारित गिअर ऑइलमध्ये ते सहसा नसते. तुमच्या हबमध्ये टीओ-4 वर्गाचे (अवजड यंत्रांच्या ट्रान्समिशन व फायनल ड्राइव्हसाठीचे) ऑइल असेल, तर मात्र या खुणेवर विसंबू नका, कारण त्या ऑइलमध्ये मुळातच जस्त असते.

एका गैरसमजाकडे लक्ष वेधतो. अहवालात लोहाचा आकडा कमी आला म्हणून गिअर ठीक आहेत, असे मानले जाते. नेहमीच्या वर्णपट चाचणीत साधारण 8 ते 10 मायक्रॉनपेक्षा मोठे कण जवळजवळ मोजलेच जात नाहीत. बेअरिंगचा पिंजरा तुटू लागतो किंवा दाताचा पापुद्रा सुटू लागतो, तेव्हा निघणारे तुकडे याहून कितीतरी मोठे असतात. त्यामुळे आकडा शांत राहतो आणि गिअर मोडत असतात. हे मोठे कण पकडण्याचे सर्वांत स्वस्त साधन तुमच्याकडे आधीच आहे, ते म्हणजे चुंबकी ड्रेन प्लग. त्यावर राखाडी, मलमासारखा लेप असेल, तर ती सर्वसाधारण झीज होय. तो लेप बोटावर चोळून पाहा. काही खरखरीत लागले, सुईसारख्या चकत्या उजेडात चमकल्या किंवा नखाएवढा पापुद्रा निघाला, तर त्याच दिवशी झाकण उघडण्याचा निर्णय घ्या. प्लग कापडाने पुसून टाकण्याआधी त्याचे छायाचित्र काढून तारीख आणि तास लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येते.

नमुना घेताना ऑइल कोमट आणि नुकतेच ढवळलेले असावे, म्हणजे मशीन थोडे चालवून लगेच घ्यावा. ड्रेनमधून घ्यायचा असल्यास पहिली धार सोडून द्यावी. अहवालात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकत्र वाढले, तर बाहेरची माती आत शिरते आहे आणि फ्लोटिंग सीलकडे (फिरत्या हबच्या सांध्यात माती अडवणाऱ्या धातूच्या कड्यांच्या सीलकडे) पाहायला हवे. ऑइल दुधट असेल, तर अहवालाची वाट पाहण्याची गरज नाही. दिवसभर तापलेला हब पाण्यात किंवा चिखलात उभा करून ठेवला, की आतली हवा थंड होऊन आकसते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते.

साखळीचाक

दोघांचेही मनापासून आभार. आज ड्रेन फिल्टर काढला. तो देखभालीच्या तक्त्यात होता, परंतु आमच्या नोंदवहीत मागील दोन सेवांच्या वेळी त्याच्यापुढे खूणच नव्हती. जाळी काळ्या गाळाने भरलेली होती आणि त्यात रबराचे बारीक तुकडे होते. हा फिल्टर दोन्ही मोटरना सामाईक असल्यामुळे डाव्या हबचीही पातळी पाहिली. लेव्हल प्लग सैल करताच साधारण पाऊण लिटर ऑइल बाहेर पडले. ज्याला मी शांत म्हणत होतो, ती बाजूही त्याच वाटेवर होती. आता डाव्या मोटरचे सील बदलणे आणि ऑइल बदलणे एकत्रच करणार आहे. उजवीकडे चुरा मोटरच्या वाटेने हायड्रॉलिकमध्ये गेला असण्याची शक्यता कितपत आहे?

दातेरी (उत्तर)

शक्यता गृहीत धरूनच काम करावे. सील फाटलेले असताना चुरा दोन्ही दिशांना जाऊ शकतो, त्यामुळे मोटर उघडून पाहणे, ड्रेन लाइन धुणे आणि हायड्रॉलिकचा रिटर्न फिल्टर बदलून तो कापून आतला गाळ पाहणे, हे टाळू नका. नवा जोड बसवल्यावर पहिले ऑइल 1,000 तासांपर्यंत ठेवू नये. सुरुवातीच्या घासणीचा कीस काढून टाकण्यासाठी पुस्तिकेत दिलेला पहिला, लवकरचा बदल करावा. तो बहुधा 250 किंवा 500 तासांचा असतो.

एक मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही, तो म्हणजे चेनचा ताण. ऑपरेटरला सैल चेन आवडत नाही, म्हणून ती गरजेपेक्षा जास्त ताणली जाते. त्यात स्प्रॉकेटमध्ये चिखल भरून वाळला, की ताण आणखी वाढतो. हा सगळा भार हबच्या बेअरिंगवर येतो. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, तर त्याचे आयुष्य गणिताने साधारण एक-दशांशावर येते. तुमच्या बिघाडाचे मूळ यात असेल असे मी म्हणत नाही, परंतु दुसऱ्या मशीनवर चेनचा झोल दर आठवड्याला मोजायला लावा, आणि मोजण्यापूर्वी चिखल काढायला लावा.

रोजच्या पाहणीसाठी मी एकच गोष्ट सुचवेन. पंधरा मिनिटे मशीन चालवल्यावर इन्फ्रारेड तापमापीने दोन्ही हबच्या झाकणांवर त्याच ठिकाणी तापमान घ्यावे. नुसत्या आकड्याला फार अर्थ नाही, कारण हवामान आणि काम बदलते. डावी आणि उजवी यांतला फरक पाहावा. आमच्याकडे हा फरक सलग तीन दिवस 10 अंशांपेक्षा जास्त राहिला, तर आम्ही प्लग काढतो.

जुना फोरमन

तापमापीला माझेही अनुमोदन. फक्त स्विंग गिअरबॉक्स (मशीनचा वरचा भाग फिरवणारा) विसरू नका. तिथेही वर मोटर आणि खाली गिअर अशीच रचना असते, आणि डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर आले, तर त्याचा अर्थ तोच.

साखळीचाक

आत्ताच पाहून आलो. दोन्ही मशीनचे स्विंग ऑइल खुणेच्या आत आहे. नोंदवहीत 'ऑइल पुरेसे' असा जो रकाना होता, तो काढून त्याजागी भरलेले लिटर आणि निघालेले लिटर असे दोन रकाने केले आहेत.