केबिन क्रूची झोप अन् दरवाजाची स्लाईड

दारव्हेकर: माही भाची विमानाच्या केबिन क्रूत हाये, म्हने पहाटेच्या ड्युट्या लागोपाठ आल्या का दरवाजा उघडाच्या आधी स्लाईड (आणीबाणीत उतराची फुगनारी घसरगुंडी) डिसआर्म केली, म्हंजे आपोआप फुगू नये अशी बंद केली, का नाही हेच आठवत नाही. इतकं होते का बापा?

वऱ्हाडी_पोट्टा: होते ना. रात्री 2 ते 6 शरीर सगळ्यात सुस्त राहते, अन् स्लाईड आर्म (चालू) असलेला दरवाजा आतून उघडला का स्लाईड काही सेकंदात फुगते, खाली कोनी असलं तं जखमी होते. म्हनून तं क्रूतला दुसरा क्रॉसचेक करते, म्हंजे पुन्हा तपासते, पन दोघंही पेंगत असले तं तोंडानं 'चेक' निघते, डोये पाहतच नाही.

कपाशीवाला: 17 तास जागल्यावर रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखं डोकं चालते, 1997 चा अभ्यास हाये. रातभर ओलीत करून सकाळी गाडी चालोनारे आपन तरी काय वेगळे!

दारव्हेकर: थकली म्हनून सांगाले भेते ते.

वऱ्हाडी_पोट्टा: तोंडी नोको, लेखी फटीग (थकव्याचा) रिपोर्ट द्याले लावा.