विषय: पौषातल्या अवसेला किनाऱ्यावर एकटीच (हाफ मून बे ते सांताक्रूझ)

प्रेषक: अ., सनीवेल

मंडळी, नमस्कार.

परवाच्या हळदीकुंकवाला माझ्या फोनमधले फोटो बघून तिघीचौघींनी विचारलं, हे कुठलं, कधी गेलीस आणि कुणाबरोबर. कुणाबरोबर नाही, एकटीच गेले होते. तिथे गर्दीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

गेली अकरा वर्षं मी हायवे वनवर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकाठच्या रस्त्यावर, जाते आहे. भारतातून कुणी आलं की हाफ मून बे, दीपगृह, सांताक्रूझ अशी आमची फेरी ठरलेली. एका लाटेसाठी पाच मिनिटं थांबले की गाडीतून हाक येते. त्यात कुणाची चूक नाही, त्या वाऱ्यात लहान मुलं आणि सासूबाई किती वेळ उभ्या राहणार? पण घरी शेकड्यांनी फोटो आहेत आणि त्यातला एकही मी थांबून काढलेला नाही, हे मनात सलत होतं. म्हणून यंदा रजा घेतली आणि दिवस ठरवला तो भिंतीवरचं कालनिर्णय बघून.

अवसेला उधाण असतं. भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. आपल्या इथल्या किनाऱ्यावर हिवाळ्यातली सगळ्यांत खोल ओहोटी दुपारी उशिरा येते, उन्हाळ्यातली पहाटे. म्हणजे जानेवारीतल्या अवसेला ओहोटीचा तळ आणि सूर्यास्त यांच्यात जेमतेम तासाभराचं अंतर राहतं. खडक उघडे पडलेले आणि त्यावर तिरपं ऊन, असे दिवस वर्षाला मोजकेच मिळतात. शिवाय जून ते ऑगस्ट इथे जे धुकं बसतं, तेही या दिवसांत नसतं. (उन्हाळ्यात वायव्येचा वारा वरचं पाणी लोटून देतो, खालचं गार पाणी वर येतं आणि त्यावरून येणारी दमट हवा गार होऊन तिचं धुकं होतं. भर जुलैत स्वेटर लागतो तो यामुळे.)

निघाले तेव्हा यादीत सहा स्टेट पार्क होती. झाली चार, आणि त्यातली मनासारखी दोन.

सकाळी सहाला निघून ९२ नंबरच्या रस्त्यानं डोंगर ओलांडला आणि पहिल्यांदा बीन हॉलो गाठलं. आपले सगळे पेस्काडेरोच्या मोठ्या पुळणीवर थांबतात आणि हे लहानसं वळण चुकवतात. तिथले वालुकाश्म बघा. समुद्राचं खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, सुकताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगड कणाकणानं आतून पोखरला जातो. शेकडो वर्षांनी त्याची जाळी होते, मोहळासारखी. सूर्य मागच्या डोंगरावरून येतो, त्यामुळे उजाडल्यावरही बराच वेळ किनारा सावलीत राहतो. आधी मला वाटलं वेळ फुकट गेला. मग लक्षात आलं, या जाळीला सावलीतला मऊ उजेडच हवा, ऊन पडलं की भोकं नुसती काळी दिसतात. दीड तास एकाच दगडापाशी बसले. पुळणीवरचे रंगीत गोटे सुंदर आहेत, पण ते उचलायला मनाई आहे. मुलांना आधीच सांगून ठेवा.

पिजन पॉइंटच्या दीपगृहाला फार थांबले नाही. ११५ फुटांचा बुरूज, दिवा पहिल्यांदा लागला तो १५ नोव्हेंबर १८७२ ला. २००१ च्या डिसेंबरात वरच्या कठड्याचे तुकडे निखळून पडले, तेव्हापासून वर जाता येत नाही. दिव्याचं जुनं भिंग आता खाली, धुक्यात वाजवायच्या भोंग्याच्या इमारतीत आहे. त्यात १,००८ लोलक आहेत. मी खिडकीतूनच बघितलं, काचेवर माझंच प्रतिबिंब येत होतं, फोटो जमला नाही.

तिथून आन्यो नुएवो. डिसेंबरच्या मध्यापासून ३१ मार्चपर्यंत एलिफंट सील या अवाढव्य समुद्री प्राण्यांच्या भागात फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं, आरक्षण आधी करावं लागतं. जाऊन येऊन साधारण तीन मैल, अडीच तास, बराचसा भाग वाळूतून. ट्रायपॉड मी गाडीतच ठेवला, लांबचं जवळ आणणारी १००-४०० ची लेन्स पुरली.

टेकाडामागून आवाज आधी आला. नराचं ओरडणं ऐकून रिकामा पिंप बडवल्यासारखं वाटतं. दोन टनांच्या वरचा प्राणी वाळूतून दुसऱ्यावर धावून जातो तेव्हा पायाखाली जाणवतं. सगळ्यांचे कॅमेरे तिकडे होते. मी एका आईकडे बघत बसले. माद्या किनाऱ्यावर आल्यावर आठवड्याभरात वितात, मग जवळपास चार आठवडे पिल्लाला पाजतात, आणि तेवढे दिवस स्वतः काहीही खात नाहीत. जन्मताना पस्तीस किलोचं पिल्लू दूध तुटेपर्यंत शंभर किलोच्या वर जातं आणि आई मात्र झडून जाते. तिच्या खांद्यापाशी कातडीला वळ्या पडल्या होत्या. पिल्लू लुचता लुचता झोपायचं, आई फ्लिपरनं वाळू उडवून त्याच्या अंगावर टाकायची, ते पुन्हा जागं व्हायचं. तो वाळू उडवण्याचा क्षण मला तीनदा हुकला, चौथ्यांदा मिळाला.

तिथले स्वयंसेवक सांगत होते, तेलासाठी यांची इतकी कत्तल झाली की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर शंभराच्या आत उरले होते. १९२२ साली मेक्सिकोनं संरक्षण दिलं. आन्यो नुएवोच्या बेटावर ते १९५५ साली परत दिसले, १९६१ साली तिथे पहिलं पिल्लू झालं, आणि आपण जिथे उभे राहतो त्या मुख्य किनाऱ्यावर १९७५ साली. माझ्याच वयाची ही वसाहत आहे, हे ऐकून पुढे बराच वेळ मी फोटो काढलेच नाहीत.

वाइल्डर रँच सोडून दिलं. पेस्काडेरोची पाणथळही राहिली. साडेतीनला नॅचरल ब्रिजेसला पोचले आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलले नाही. तिथे पूर्वी खडकाच्या तीन कमानी होत्या. एक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडली, दुसरी १९८० च्या वादळात. आता एकच उरली आहे, आणि तीही समुद्र कधीतरी नेणारच. तिच्या माथ्यावर पाणकावळे आणि पेलिकन दाटीवाटीनं बसतात.

साडेचारला पाणी पार मागे गेलं. खडकावर हिरवी शेवाळी, डबक्यांत समुद्रफुलं (सी अ‍ॅनिमोन), शंखातले खेकडे. ट्रायपॉड खाली घेतला, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावला, अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर. लाट येताना नाही, परत जाताना बटण दाबायचं. तेव्हा पाण्याच्या पांढऱ्या रेघा खडकावरून कमानीकडे ओढल्यासारख्या जातात. साठ-सत्तर फोटो काढले, त्यातला एक तुम्ही बघितलात. तो सूर्यास्तानंतर बारा मिनिटांनी आला. निम्मी माणसं तोवर गाडीकडे निघाली होती. कुणाबरोबर असते तर मीही निघाले असते.

अ.

* * *

प्रेषक: वि., फ्रीमॉन्ट

अ., अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. माझं लहानपण रत्नागिरीत मिऱ्याला गेलं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, अवसेला सव्वाअकराच्या आसपास. यासाठी वडिलांना कधी तक्ता लागला नाही. आता तू म्हणतेस अवसेला साडेचारला तळाची ओहोटी. चंद्र तर तोच आहे, मग हा हिशोब इथे का बसत नाही?

दुसरं, ते भिंग मला बघायचं आहे. रत्नदुर्गाजवळच्या दीपगृहाचा झोत आमच्या अंगणातून दिसायचा. पण आतून दिवा कसा असतो ते कधी बघितलं नाही. गुडघ्यांमुळे चालणं जमत नाही. गाडीपासून किती लांब आहे?

वि. काका

* * *

प्रेषक: श्रु., सॅन होजे

ताई, नमस्कार.

मी सहा महिन्यांपूर्वीच इथे आले. मेल वाचल्यापासून जावंसं वाटतंय, पण एकटीनं त्या रस्त्याला लागायचा धीर होत नाही. घरचे म्हणतात, ग्रुपबरोबर जा. फोनला रेंज असते का? माझ्याकडे साधा कॅमेरा आणि १८-५५ ची लेन्स आहे, त्यात काही होईल का? ट्रायपॉड लावला तर कुणी परवानगी विचारतं का?

श्रु.

* * *

प्रेषक: मि., मिल्पिटस

वहिनी, फोटो फारच सुरेख. तरीही एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ओहोटीच्या वेळी खडकांवर एकट्यानं जाणं मला पटत नाही, मग बाई असो की पुरुष. चार वर्षांपूर्वी याच पट्ट्यात मी मुलाला घेऊन खडकावर उभा होतो. दहा-पंधरा मिनिटं समुद्र अगदी निवांत होता, आणि एकाएकी छातीपर्यंत पाणी आलं. मुलाचा दंड माझ्या हातात होता म्हणून. इथलं पाणी इतकं गार असतं की पडलेल्या माणसाचा श्वासच अडकतो. बरोबर कुणी असेल तर निदान हाक तरी मारता येते. नवीन मंडळी हे वाचून जातील, म्हणून लिहिलं.

मि.

* * *

प्रेषक: अ., सनीवेल

मि. भाऊजी, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्यावर मी जे आधी लिहायला हवं होतं ते आता लिहिते. नॅचरल ब्रिजेसला मी सव्वाचारच्या सुमारास डबक्यातल्या समुद्रफुलांवर वाकले होते, समुद्राकडे पाठ करून. बॅग मागच्या खडकावर. लाट आली ती गुडघ्यापर्यंत, बॅग अर्धी भिजली, एक लेन्स गेली. मी पडले नाही, पण धरायला काही नव्हतं. घरी सांगितलं, पहिल्या मेलमध्ये मात्र गाळलं. ते चुकलंच.

त्यानंतर उरलेला वेळ मी ज्या खडकांवर पाणी पोचत नव्हतं तिथेच राहिले. आता नेम ठरवला आहे: पोचल्यावर वीस मिनिटं नुसतं बघायचं, कॅमेरा बाहेर काढायचा नाही. सगळ्यांत मोठी लाट कुठवर ओलं करते ते बघून त्याच्या मागे उभं राहायचं. तोंड कायम पाण्याकडे. बॅग पाठीवरच. डबक्यांत वाकायचं असेल तर बरोबर माणूस हवा. एकटीनं जाणं मी सोडणार नाही, खडकाच्या कडेला जाणं सोडलं आहे.

काका, मी तक्ता समोर ठेवून बसले. पाऊणपट म्हणजे भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते, तो भाग इथेही लागू पडतो. पण चंद्र डोक्यावर आल्यावर किती वेळानं पाणी चढायचं, ते प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं, समुद्राच्या आकारावर आणि खोलीवर ठरतं. म्हणून अवसेची भरती मिऱ्याला सव्वाअकराला आणि इथे साडेनऊ-दहाला. शिवाय कोकणात दिवसातल्या दोन भरत्या साधारण सारख्या, इथे एक मोठी आणि एक लहान. सकाळची मोठी, तिच्यानंतरची ओहोटी सगळ्यांत खोल, रात्रीची भरती अगदीच बेताची. पाऊणपट नुसती पुरत नाही, तक्ता लागतोच.

आणखी एक तुम्हालाच सांगावंसं वाटतं. समुद्र तिकडेही पश्चिमेला, इकडेही. पण रत्नागिरीला सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि लगेच अंधारतं. इथे आपण उत्तरेला बरेच वर आहोत, सूर्य तिरका घसरत जातो, त्यामुळे संधिप्रकाश जास्त वेळ टिकतो. ती बारा मिनिटं मला त्यामुळेच मिळाली. गणपतीपुळ्याला मी तशीच थांबले होते, तेव्हा रंग हातातून निसटला होता.

भिंगाची इमारत गाडीतळापासून जवळ आहे आणि वाट सपाट आहे. दुपारनंतर जाऊ, म्हणजे काचेवर उजेड समोरून येणार नाही.

श्रु., तू सुरुवात नॅचरल ब्रिजेसपासूनच कर. ते सांताक्रूझ गावातच आहे, फोन लागतो, माणसं असतात. रेंज जाते ती पेस्काडेरो ते डेव्हनपोर्ट या पट्ट्यात मधून मधून, म्हणून नकाशा आधी उतरवून घे आणि किती वाजता कुठे असशील ते घरी लिहून ठेव. हौसेच्या फोटोंना परवानगी लागत नाही, धंद्यासाठी चित्रीकरण असेल तर लागते. १८-५५ कमानीला पुरते, माझा तो फोटो २४ वर आहे. सीलसाठी मात्र लांबची लेन्स हवी, पंचवीस फुटांच्या आत जायचं नाही. माझी दुसरी लेन्स तुला देते. लेन्स पुसायला तीन-चार सुती रुमाल ठेव, खारा तुषार सारखा बसतो. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्यानं धू.

फेब्रुवारीच्या मध्याआधी गेलीस तर नॅचरल ब्रिजेसच्या निलगिरीच्या झाडांत मोनार्क फुलपाखरंही बघ. थंडीत पंख मिटून वाळक्या पानांसारखी लटकतात, ऊन लागलं की सगळं झाड केशरी होतं. २०२० च्या मोजणीत पश्चिमेकडच्या सगळ्या मोनार्क मिळून दोन हजारही भरल्या नव्हत्या. मला यंदा एका फांदीवर तीसेक दिसल्या.

माघातल्या अवसेला मी पुन्हा जाणार आहे. काकांना दीपगृहापर्यंत मी नेते, परत आणायला कुणीतरी हवं, कारण मला पुढे सांताक्रूझला थांबायचं आहे.

अ.

* * *

प्रेषक: मि., मिल्पिटस

काकांना परत मी आणतो. दुपारी दोनला पिजन पॉइंटच्या गाडीतळावर येईन. मुलगाही येतो म्हणतोय.

मि.