उत्तर: कैद्याच्या दाव्यात साक्षीदार कोण ठरवतं?
वर एकाने लिहिलंय की अमेरिकेत कैद्याने तुरुंगाधिकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला की साक्षीदारांची नावं दिली म्हणजे झालं. इतकं सोपं नाही हो ते! कॅलिफोर्नियाच्या पूर्व जिल्ह्यातल्या फेडरल (केंद्रीय) कोर्टाचे आदेश वाचून बघा. साक्षीदार दुसरा कैदी असेल तर वेगळा अर्ज लागतो: तो राजीखुशीने येणार का, आणि त्याने स्वतः काय पाहिलं-ऐकलं, कुठे, कधी, तिथे आणखी कोण होतं. ‘यार्डात (तुरुंगाच्या आवारात) सगळ्यांना माहीत होतं’ असलं मोघम चालत नाही. शिवाय आणण्याचा खर्च आणि सुरक्षेचा धोकाही न्यायाधीश बघतात.

बाहेरचा साक्षीदार यायला तयार नसेल तर समन्स, आणि सोबत दिवसाचे 40 डॉलर अधिक प्रवासखर्च आधीच भरायचा. गरीब म्हणून कोर्ट फीमध्ये सवलत मिळाली तरी हे पैसे माफ होत नाहीत. तुरुंगात तासाला काही सेंट कमावणाऱ्याने ते आणायचे कुठून? मला खरी मेख इथेच दिसते.

शिक्षा झालेल्याची साक्ष मुळातच बाद, असा समज असेल तर तो मात्र साफ चूक. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांच्या पुराव्याच्या नियमांतल्या नियम 609 प्रमाणे जुना गुन्हा विश्वासार्हतेवर बोट ठेवायला काढता येतो; सुटकेला 10 वर्षं उलटली असतील तर सहसा तेही नाही.