कोटी कोटी खर्च आणि कॉर्नर फ्लॅगच दिसत नाही?

पेठेतला बॅक: फुटबॉल मैदानाच्या नव्या गॅलरीत चौथ्या पायरीवर बसलं तरी जवळची टचलाइन (मैदानाची लांब बाजूची रेषा) दिसत नाही. चूक रेलिंगची की पायऱ्यांची?

नकाशेवाला: पायऱ्यांची, भावा. समजा पुढच्याचा डोळा टचलाइनपासून 8 मीटर लांब, मैदानापासून 2.2 मीटर वर, पायरी 80 सेंमी रुंद. उंची 25 सेंमी ठेवली तर मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यावरून जेमतेम 27 मिमी वरून जाते. म्हणजे समोर नुसतं डोकं! 30 सेंमी केली तर 73 मिमी. 90 मिमी असलं तर चांगलं, 60 च्या खाली जाऊ नये. पाच सेंमीचा खेळ आहे सगळा. वर कुणी बसायला खुर्च्या लावल्या नि कुणी उभं राहिलं, की हिशोब गेलाच.

पेठेतला बॅक: आणि मैदानात चिखल?

माळीकाका: काळ्या मातीवर नुसती हिरवळ अंथरली की तेच होणार. खाली सच्छिद्र पाइप, त्यावर 10 सेंमी खडी, मग 30 सेंमी वाळूचा थर पाहिजे. मातीचे ट्रक आले तेव्हाच मूठभर ओली करून वळून बघायची. लाडू झाला तर ट्रक परत.

नकाशेवाला: मुख्य गॅलरी पूर्वेला बांधलीय ते वेगळंच. चारच्या मॅचला ऊन थेट डोळ्यात. टोपी घेऊन जावा.