प्रतिसाद: सीएफओनंतर डायरेक्टर म्हणजे आराम?
वर कुणीतरी लिहिलंय की सीएफओ, म्हणजे कंपनीच्या पैशांचा कारभार बघणारा मुख्य अधिकारी, रिटायर झाला की डायरेक्टर म्हणून बोर्डावर बसून नुसतं चहापाणी, हे मला अजिबात पटत नाही. आपल्या सोलापूरचंच बघा ना, बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्या आहेत, म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्यानं सीएफओ नेमावाच लागतो आणि ऑडिट कमिटीत, म्हणजे हिशोबांवर लक्ष ठेवणाऱ्या बोर्डाच्या समितीत, इंडिपेंडंट (कंपनीत हितसंबंध नसलेले) डायरेक्टर बहुमतात लागतात. आणि ज्या कंपनीत सीएफओ होता तिथंच लगेच इंडिपेंडंट म्हणून बसता येत नाही, मधे तीन आर्थिक वर्षं जावी लागतात, हा नियम मला फार योग्य वाटतो, स्वतःच केलेले हिशोब स्वतःच कसे तपासणार? इथल्या सीए करणाऱ्या पोरांनी बॅलन्स शीटसोबत हेही आत्तापासूनच वाचावं.